खिळ्यांच्या गर्दीतलं नाणं: रामबागेतल्या अंगणाच्या नोंदी

जागा: इंदूर, रामबाग परिसर. जुना वाडा उतरवून झाला आहे, नवं बांधकाम सुरू व्हायला अवकाश आहे. तोवर मागचं अंगण, साधारण १२ मीटर बाय ९ मीटर, मालकांच्या लेखी परवानगीने चाचणीसाठी मिळालं आहे. वाड्याच्या लाकूडकामातून गळालेले खिळे जमिनीत गच्च भरले आहेत. त्यांच्या मधलं नाणं ऐकू यावं यासाठी मेटल डिटेक्टर, म्हणजे धातू शोधणारं मशीन, कसं लावायचं, एवढंच तपासायचं आहे.

सामान: मिनलॅब इक्विनॉक्स ८००, त्याच्या २८ सेंमी आणि १५ सेंमी अशा दोन डीडी कॉइल (जमिनीवरून फिरवायची चकती; डीडी म्हणजे आत D आकाराची दोन वेटोळी). तुलनेला नोक्ता सिम्प्लेक्स प्लस (१२ किलोहर्ट्झ, २८ सेंमी डीडी). पिनपॉइंटर (खड्ड्यात नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा शोधक), जुन्या स्पीकरमधून काढलेला चुंबक, ५ मिमी जाळीची चाळणी, खुरपं, दोऱ्या आणि खुंट्या.

आधीच लिहून ठेवतो: १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. दहा रुपयांची ती मर्यादा आजही तीच आहे, त्यामुळे चांदीचं एक नाणंसुद्धा तिच्या वर जातं. संरक्षित स्मारकाच्या आवारात तर मशीन पिशवीतून काढायचंच नाही.

१० नोव्हेंबर २०२४

दोऱ्या बांधून अंगणाचे १ मीटर रुंदीचे पट्टे केले. वर १० ते १५ सेंमी राडारोडा: चुना, विटांचे तुकडे, माती. त्याखाली माळव्याची काळी माती. ही माती बेसाल्ट झिजून झालेली, तिच्यात चुंबकीय लोहखनिजाचे कण असतात. धुतलेल्या मातीतून चुंबक फिरवला की काळी पूड चिकटून येते. याचा अर्थ नाणं नसताना, खिळा नसताना, नुसती जमीनच मशीनला उत्तर देते.

म्हणून ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीचं हे उत्तर वजा करणं, पहिला. कॉइल जमिनीपासून ५ सेंमीपर्यंत खाली, मग २० सेंमीपर्यंत वर, असं बटण दाबून धरून आकडा स्थिर होईपर्यंत करायचं. अडचण अशी की खिळ्यांनी भरलेल्या जागेत मोकळी माती मिळत नाही, आणि खिळ्यावर बॅलन्स केला तर पुढचं सगळंच चुकतं. ऑल मेटल लावून, म्हणजे काहीही न गाळता, सगळ्या बाजूंनी शांत असलेली हातभर जागा आधी शोधायची आणि तिथेच बॅलन्स करायचा. इथे ती आवळ्याच्या झाडाखाली मिळाली. आपोआप मागोवा घेणारं ट्रॅकिंग बंद. खिळ्यांच्या जागेत ते जमीन सोडून लोखंडाचाच मागोवा घेत बसतं.

राडारोड्यावरचा आकडा आणि खालच्या काळ्या मातीवरचा आकडा एक येत नाहीत. खड्डा १५ सेंमीच्या खाली गेला की बॅलन्स पुन्हा करायचा.

१२ नोव्हेंबर

जमिनीत जाण्याआधी नाणी हवेत तपासली. ‘नाणं वरच्या आकड्यावर, लोखंड खालच्या’ हे परदेशी पुस्तिकांमधलं गणित आपल्या नाण्यांना अर्धंच लागू पडतं.

इक्विनॉक्स वस्तूच्या धातूनुसार जो आकडा दाखवतं त्याची पट्टी उणे ९ ते ४० अशी आहे. शून्य आणि त्याखालचं लोखंड. चांदीचा जुना रुपया (११.६६ ग्रॅम, ९१.७ टक्के चांदी) ३० च्या वर ठाम. तांब्याचा पाव आणा (६.४७ ग्रॅम) २५ ते २८. १९४० ते १९४५ चे रुपये निम्म्या चांदीचे, बाकी तांबं, निकेल आणि जस्त, त्यामुळे ते जुन्या रुपयाच्या बरेच खाली बसतात. तांबं-निकेलचा एक आणा १२ च्या आसपास. १९४३ ते १९४७ चा भोकाचा पैसा पातळ असूनही स्वच्छ बोलतो, कारण कडं पूर्ण असल्याने विद्युतप्रवाहाला फिरायला वाट मिळते. दहा-वीस पैशांची ॲल्युमिनियमची नाणी तांब्याच्या शेजारीच येतात.

खरी गोम पुढे आहे. १९४७ चा वाघछाप रुपया आणि त्यानंतरचे अनेक वर्षांचे रुपये शुद्ध निकेलचे आहेत आणि निकेलला चुंबक धरतो. १९८८ पासूनची १०, २५ आणि ५० पैशांची आणि १९९२ पासूनची एक रुपयाची नाणी फेरिटिक स्टेनलेस स्टीलची, तीही चुंबकाला चिकटतात. मशीनवर या सगळ्यांचा आकडा एका जागी थांबत नाही: खाली उण्यात, मग एकदम वर, पुन्हा खाली. लोखंड गाळायचं असं ठरवलं की ही नाणीसुद्धा गाळली जातात. त्यामुळे या नोंदी तांबं, चांदी आणि तांबं-निकेलच्या नाण्यांपुरत्या आहेत. स्टीलचा रुपया हवा असेल तर सेटिंग बदलून भागत नाही. प्रत्येक लोखंड खणावं लागतं.

१६ नोव्हेंबर

फळीची चाचणी. ६० सेंमी चौरस प्लायवूड, सगळे जोड सरसाने, एकही खिळा किंवा स्क्रू नाही. फळी दोन विटांवर, जमिनीपासून उचलून. खिळे ५० मिमीचे. निम्मे बाजारातले नवे, निम्मे वाड्यातलेच घडीव, चौकोनी अंगाचे. मध्यभागी पाव आणा.

मांडणी अ: नाण्याच्या एका बाजूला २.५ सेंमीवर एक खिळा आडवा.
मांडणी ब: दोन्ही बाजूंना ५ सेंमीवर एकेक.
मांडणी क: चार खिळे वेडेवाकडे, त्यातला एक नाण्याच्या अगदी वर, १ सेंमी उंचीच्या थर्माकोलवर.

प्रत्येक मांडणीवर कॉइल दोन दिशांनी, एकमेकींना काटकोनात फिरवली. दोन्ही दिशांनी स्वच्छ टोन आला तरच ‘सापडलं’ असं धरलं. एकाच दिशेने आलेला टोन वेगळा लिहिला.

मशीन जसं येतं तसं (पार्क १ हा तयार मोड; रिकव्हरी स्पीड, म्हणजे एका संकेतानंतर पुन्हा ऐकायला तयार होण्याचा वेग, ५; २८ सेंमी कॉइल): अ मध्ये एका दिशेने स्वच्छ, दुसऱ्या दिशेने तुटक. ब मध्ये एका दिशेने चिरका आवाज. क मध्ये काहीच नाही.

खिळ्यामुळे नाणं हरवतं ते दोन वेगळ्या प्रकारांनी, आणि हे दोन प्रकार एकमेकांत मिसळले की माणूस चुकीचं बटण फिरवत बसतो. पहिला प्रकार वेळेचा. खिळ्याचा संकेत पचवून मशीनला पुन्हा ऐकायला तयार व्हायला काही काळ लागतो. कॉइल सेकंदाला १ मीटर वेगाने जात असेल तर खिळ्यापासून ५ सेंमीवरचं नाणं ५० मिलिसेकंदांनी येतं. मशीन तेवढ्यात मोकळं झालं नसेल तर नाणं त्या शांततेतच निघून जातं. याला उपाय रिकव्हरी स्पीड. दुसरा प्रकार जागेचा. खिळा आणि नाणं एकाच वेळी कॉइलखाली असतील तर मशीनला दोघांची मिळून एकच बेरीज मिळते, आणि ती लोखंडाकडे झुकते. इथे रिकव्हरी कितीही वाढवा, फरक पडत नाही. उपाय तीनच: कॉइल लहान करा, दिशा बदला किंवा खिळा काढा.

१७ नोव्हेंबर

रिकव्हरी ३, ५, ७, ८ अशी चढवत नेली, बाकी सगळं तेच. ब मांडणी ७ ला दोन्ही दिशांनी आली, ८ ला आणखी तुटक पण नेमकी. अ मध्ये ७ आणि ८ मध्ये सांगण्यासारखा फरक नाही. क कशालाच बधली नाही.

१५ सेंमी कॉइल लावल्यावर अ रिकव्हरी ५ लाच दोन्ही दिशांनी स्वच्छ. क मध्ये एका दिशेने, खिळ्याच्या लांबीला समांतर फिरवताना, छोटा पण परत परत येणारा टोन. मोठी कॉइल ठेवून रिकव्हरी टोकाला नेण्यापेक्षा छोटी कॉइल आणि मध्यम रिकव्हरी केव्हाही बरी.

डीडी कॉइलखालची ऐकणारी जागा म्हणजे पुढून मागे गेलेलं एक पातं. कॉइल डावी-उजवीकडे जाते तेव्हा हे पातं जमिनीला आडवं कापतं. खिळा आणि नाणं डाव्या-उजव्या हाताला शेजारी असतील तर पातं दोघांवरून पाठोपाठ जातं आणि ते वेगळे ऐकू येतात. एकामागे एक असतील तर दोघेही पात्याखाली एकदमच येतात. टोन तुटक आला की जागेवर उभं राहून नुसतं पुन्हा पुन्हा फिरवू नये. पाय उचलून काटकोनात उभं राहावं.

२३ नोव्हेंबर

आयर्न बायस आणि डिस्क्रिमिनेशन. इक्विनॉक्समध्ये आयर्न बायसच्या दोन जाती: जुनी एफई, नवी एफ२, दोन्ही ० ते ९. आकडा वाढवला की शंकास्पद संकेत लोखंडात ढकलला जातो. बाटलीची बुचं आणि पत्रा गप्प होतात, पण खिळ्याला टेकलेलं नाणंही त्यांच्याबरोबर जातं. एफ२ ६ वर ब मांडणीतला टोन एका दिशेने गायब. २ वर परत आला. ० वर आला तो वाकड्या खिळ्याच्या टोकांचे खोटे उंच टोन घेऊन.

आम्ही २ वर थांबलो. ० वर काम होतं, पण खड्डे दुप्पट खणावे लागतात.

डिस्क्रिमिनेशनबद्दल मत स्पष्ट आहे: लोखंड गाळून टाकू नका. गाळलेल्या लोखंडावर मशीन गप्प बसतं, आणि त्या गप्प बसण्यात शेजारचं नाणं किती कापलं गेलं हे कानाला कळत नाही. त्याऐवजी सगळं उघडं ठेवायचं, दोन टोन निवडायचे, लोखंडाचा टोन सगळ्यात खालच्या सुरात आणि आवाज २५ पैकी ४-५ वर. अंगणभर हलकी घरघर चालू राहते आणि तिच्यातून नाण्याचा टोन वर येतो. पहिला तास डोकं उठतं. नंतर कान घरघर आपोआप मागे टाकतो. हेडफोन हवेतच, कारण बाजूच्या रस्त्यावर रिक्षावाले असताना ४-५ चा आवाज ऐकूच येत नाही.

३० नोव्हेंबर

आवळ्याखालच्या मोकळ्या जागेत नाणी पुरली: पाव आणा ८, १२ आणि १५ सेंमीवर, प्रत्येकी ४० सेंमी अंतराने. वर प्लॅस्टिकच्या खुणा.

फळीवर जे फुकट मिळालं त्याची किंमत इथे दिसते. २८ सेंमी कॉइल, रिकव्हरी ४: तिन्ही ऐकू आली. रिकव्हरी ८: १५ सेंमीचं गेलं, १२ चं कुजबुजलं. १५ सेंमी कॉइलवर रिकव्हरी ६ ला १२ पर्यंत ठीक. म्हणजे वेग वाढवला की खोली घटते, लहान कॉइलनेही घटते. पण खिळ्यांच्या थरात खोलीचा उपयोगच नाही. वरचे खिळे १५ सेंमीखालचं तसंही झाकून टाकतात.

सेन्सिटिव्हिटीचंही (मशीन किती बारीक ऐकतं) तेच. २२ वर काळी माती स्वतःच कुरकुरते. १७-१८ वर जमीन शांत आणि १२ सेंमीचं नाणं तरीही हजर. खिळे दाट असतील तिथे १५ पर्यंत उतरवून कॉइल जमिनीपासून ३-४ सेंमी वर धरली तर लहान चुका (बारीक खिळे) आणि खिळ्यांचे तुकडे बाद होतात, नाणी राहतात.

कॉइल फार हळू फिरवणंही चुकीचं. जास्त रिकव्हरीवर मशीनला थोडी चाल लागते. एक फेरी सव्वा ते दीड सेकंदाची बरी.

एक सावधगिरी: ताजं पुरलेलं नाणं आणि नवे खिळे म्हणजे खरी जमीन नव्हे. वर्षानुवर्षं गंजलेल्या खिळ्याभोवतीची माती गंजाने रंगलेली असते आणि खिळा आहे त्यापेक्षा मोठा वाजतो. फळीवरचे निकाल नेहमी थोडे गोडच असतात.

८ डिसेंबर

दक्षिणेच्या भिंतीलगत सतत टकटक. कारण शेजारच्या बोअरचा स्टार्टर आणि वरून गेलेली वायर. नॉइज कॅन्सल (विजेचा अडथळा टाळणारी सोय) कॉइल स्थिर धरून, जमिनीला समांतर ठेवून केलं. बऱ्यापैकी शांत झालं, पूर्ण नाही. मोबाइल खिशातून काढून ओट्यावर. दोन्ही मशीन एकाच वेळी चालू असतील तर अंगणाच्या दोन टोकांना, नाहीतर एकमेकांत बोलतात.

१५ डिसेंबर

प्रत्यक्ष पट्टे. १५ सेंमी कॉइल, पार्क १ वर आधारित आपली मांडणी: रिकव्हरी ६, एफ२ २, सेन्सिटिव्हिटी १७, दोन टोन, लोखंड ४ च्या आवाजावर, सगळं उघडं, ट्रॅकिंग बंद. ही ८०० च्या यूझर प्रोफाइल बटणावर जपून ठेवली.

पहिले दोन पट्टे उत्तर-दक्षिण, मग तेच पूर्व-पश्चिम. फेऱ्या निम्म्याने एकमेकींवर चढवायच्या. छोट्या कॉइलवर हे चुकवलं तर मधली पट्टी राहून जाते.

दुसऱ्या पट्ट्यात एक संकेत: उत्तर-दक्षिण फिरवताना लोखंड, पूर्व-पश्चिम फिरवताना १८-२० चा छोटा टोन, आकडा हलता. असल्या संकेतावर आकडा वाचत बसू नये. टोन त्याच जागी परत येतो का, आणि एका हाताच्या परिघात किती रुंद आहे, एवढंच बघावं. पिनपॉइंटमध्ये जागा लहान आणि गोल निघाली. ९ सेंमीवर बिजागरीचं अर्धं पान आणि त्याच्या खाली, बोटभर सरकून, भोकाचा पैसा. बिजागरी काढून तोच खड्डा पुन्हा ऐकला तेव्हा टोन दोन्ही दिशांनी ठाम. खणताना पहिली वस्तू लोखंडाची निघाली की खड्डा तिथेच बुजवायचा नाही.

२२ डिसेंबर

मोठ्या लोखंडाने दिवस खाल्ला. कोयंडा, कडी, पत्र्याच्या खिळ्यांचे वॉशर, अर्धा नाल. चपट्या आणि भोकाच्या लोखंडात विद्युतप्रवाह इतका फिरतो की मशीन त्याला चांगला धातू समजतं. वॉशर ३० च्या वर, थेट चांदीच्या रुपयाच्या जागी.

ओळखायच्या खुणा तीन सापडल्या. कॉइल लक्ष्यावरून हळूहळू मागे ओढायची: नाण्याचा टोन विरत जातो, वॉशरचा शेवटी घरघरीत पडतो. काटकोनात फिरून बघायचं: वॉशरची मधली जागा सरकते. मल्टीवरून (एकदम अनेक फ्रिक्वेन्सी) एकाच ५ किलोहर्ट्झवर जाऊन तुलना करायची: नाण्याचा आकडा जवळपास तसाच राहतो, पत्रा आणि बुचं भरकटतात. तिसरी खूण सगळ्यात विश्वासाची, पण मेन्यूत जाऊन यायचा वेळ खाते. रोज वापरायला पहिलीच.

तिन्ही करूनही शंका राहिली तर खणा. ‘नाही’ म्हणून सोडलेल्या जागा खुंटीने खुणावल्या आहेत.

२९ डिसेंबर

मावठ्याने अंगण भिजलं. पाव आणा १५ सेंमीवर रिकव्हरी ६ लाही ऐकू आला, कोरड्यात तो येत नव्हता. पण गंजलेलं लोखंडही ओलीत मोठं होतं, त्यामुळे खोट्या टोनांची संख्याही वाढली. ग्राउंड बॅलन्स नव्याने करावा लागला. चिकट काळी माती कॉइलच्या आवरणाखाली भरली तर मशीन विनाकारण बडबडतं. आवरण काढून पुसणे.

उन्हाळ्यात याच मातीला बोटभर रुंद भेगा पडतात. वरचं नाणं भेगेतून खाली जातं आणि कडेवर उभं राहतं. उभ्या नाण्याचा टोन फार छोटा असतो, काही वेळा कॉइलच्या दोन बाजूंना दोन वेळा वाजतो. अशा दुहेरी टोनला खिळा म्हणून सोडू नये.

५ जानेवारी २०२५

तिसरा पट्टा वेगळ्या रीतीने केला. आधी वरची १० सेंमी माती चाळणीतून काढली, चाळणीखालून चुंबक फिरवला. खिळे, चुका, तारा, सुतारकामाचे स्क्रू मिळून जवळपास दोन किलो. मग तीच मांडणी, तीच कॉइल. आधी ‘काही नाही’ असं लिहिलेल्या जागेत तांब्याचा पाव आणा आणि तांबं-निकेलचा एक आणा मिळाला. एक आणा तर खिळ्यांच्या जुडग्यात अडकलेला.

कुठल्याही सेटिंगने एवढा फरक पडला नव्हता. पण पूर्ण अंगणात हे परवडत नाही. एका पट्ट्याला दोन माणसं आणि पूर्ण सकाळ लागते. जिथे लोखंड सर्वात दाट (जुन्या दाराच्या चौकटीखाली, ओट्याच्या कडेला) तिथेच हे करावं. बाकी ठिकाणी खिळा ऐकू आला की पटकन काढून टाकणं आणि पुन्हा फिरवणं पुरतं.

चाळणीतून काढताना एक गोष्ट बघितली: स्टीलचे चार रुपये चुंबकालाच चिकटून आले. मशीनने जे ऐकूनही ओळखलं नाही ते चुंबकाने फुकट दिलं.

१९ जानेवारी

सिम्प्लेक्सवर तेच पट्टे. त्यात रिकव्हरी स्पीडचं बटण नाही, त्यामुळे जे करायचं ते हाताने: सेन्सिटिव्हिटी दोन पट्ट्या खाली, आयर्न व्हॉल्यूम बंद न करता कमी, आणि फेरी छोटी, अर्धा मीटरच्या आत. ब मांडणी यावर एका दिशेनेच येते. या मशीनला लहान कॉइल मिळते. बजेट मर्यादित असेल तर वरचं मॉडेल घेण्याआधी ती घ्यावी.

मिळालेल्या सगळ्या नाण्यांची यादी, पट्टा आणि खोलीसह, मालकांच्या सहीने तयार आहे. कलेक्टर कचेरीतलं पत्र त्यांच्याच नावाने जाईल.

दक्षिणेच्या भिंतीलगतचे दीड पट्टे राहिले आहेत. शेजारचा पंप सकाळी सहा ते सात बंद असतो. त्या तासात १५ सेंमी कॉइल, सेन्सिटिव्हिटी १५, नॉइज कॅन्सल दर दहा मिनिटांनी.